इंटरव्हलनंतर

पुष्पराज टॉकीजच्या बाल्कनीत माझी टॉर्च होती.
इतवारीतल्या लोकांना माझं तोंड आठवणार नाही,
आवाज आठवेल कदाचित:
पाय सांभाळा जी, पायरी आहे.

तो सिनेमा एकोणीस हप्ते चालला.
मे महिना, पत्र्याला चिकटलेलं ऊन,
कूलरच्या खसाला बुजलेल्या विहिरीचा वास,
आणि खिशात कांदा घेऊन आलेली माणसं
कुठल्याशा थंड पहाडातल्या
खोकणाऱ्या माणसासाठी रडायची.

ती दोघं गुरुवारी यायची, तीनच्या शोला.
तो मिलमधला, कानामागं कापसाचा तंतू राहून गेलेला.
ती शिवण शिकवत असावी कुठंतरी,
बोटातलं अंगुस्तान काढायचं विसरलेली.
इंटरव्हल झाला की उठायची.
पाचाच्या आत तिला महालात घरी पोचायचं असे.
"उरलेला लग्न झाल्यावर पाहू,"
तो एकदा मला म्हणाला,
अर्धी शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात देत,
जणू तीही तोवर मीच सांभाळायची.

अकराव्या हप्त्यात ती एकटी आली.
बाराव्यातही एकटी.
तेराव्यात दोन तिकिटं काढून एकटी.
मी विचारलं नाही.
पानठेल्यावर मिलच्या बॉयलरचं काही बोलत होते,
तेवढं पुरे होतं.
तरी इंटरव्हलला ती उठायचीच.
आता घाई कशाची, तिलाच ठाऊक.

शेवटच्या गुरुवारी
बाहेर पोस्टर उतरवायला शिडी लागली होती.
ती जिन्यात थांबली.
"भाऊ, पुढं काय होते?"

आता पाहा,
ते शेवटचं रीळ मी चारशे वेळा पाहिलेलं.
नायिकेचा टांगा सॅनेटोरियमला पोचतो
आणि अंगणात
त्याच्या खाटेवरची गादी
उन्हात वाळत टाकलेली असते.
बस्स. बोलणं नाही, गाणं नाही.
बाल्कनीतल्या बाया रडायच्या
त्या या गादीसाठी.

मी म्हटलं, पोचते ना ती.
तो पायरीवर बसून असते, संत्रं सोलत.

"एवढ्या थंडीच्या पहाडात संत्रं कुठून आलं?"

"आपल्याच नागपूरचं जी. पार्सलनं."

हसली.
अंगुस्तान बोटात एकदा फिरवलं.
"मग बरं झालं," म्हणाली
आणि उतरून गेली.
बाहेर लख्ख ऊन होतं, तरी मी टॉर्च धरून राहिलो
खालच्या पायरीपर्यंत.

टॉकीज पाडली. तिथल्या तळघरात आता गाड्या झोपतात.
माझ्या गुडघ्यांनी जिने सोडले.
सून शेजारणीला सांगते,
आमचे बाबा कधी खोटं बोलत नाहीत.
मी पेपर वर धरतो.

काल रात्री टीव्हीवर लागला तो.
अख्खा.
जाहिरातींपायी सात-आठ इंटरव्हल.
असली तर सत्तरी पार असेल ती,
कोण्या गल्लीत, घरचे झोपल्यावर,
आवाज बारीक करून.
मी म्हटलं, बाप्पा, वीस मिनिटं लाइट घालव.
तिची वस्ती मला माहीत नाही,
तर सगळ्या नागपूरचीच घालव,
बर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत,
दवाखाने तेवढे सोड.

मागितल्यावर कुठं जाते लाइट!
रोज जेवतानी जाते.
टांगा वळणावर आला,
घोड्याच्या घुंगरांवरून मला कळतं
गादीला किती सेकंद उरले.

उठलो.
टोपलीतलं एक संत्रं घेतलं
आणि दारातल्या पायरीवर
सोलत बसलो.
साल एका तुकड्यात निघत नव्हती, बोटं गारठलेली.

आतून सून म्हणाली,
"बाबा, एवढ्या थंडीत बाहेर काऊन बसले?"