रूम टेंपरेचर

मृणालिनी कारखानीस म्हणतात,
लोणी रूम टेंपरेचरला असावं.
कुठल्या रूमच्या?
मे महिन्यात उद्यमनगरच्या पत्र्याखाली
लोणी ताटलीत काढेस्तोवर
त्याचं तेल झालेलं.

त्यांच्या हाताला पीठ लागलेलं कधी दिसत नाही.
मोत्याच्या कुड्या, पांढरा एप्रन,
वाट्यांत सगळं आधीच मोजलेलं.
एका ओव्हनात केक ढकलतात
आणि लगेच दुसऱ्यातून
फुगलेला बाहेर काढतात.
बघा, किती सोप्पं!

मी दर गुरुवारी वहीत उतरून घेते.
मैदा दोन कप. माझा कप कान तुटलेला.
ब्राउन शुगर पाऊण.
व्हॅनिला अर्धा चमचा.
मग गिझरची जाहिरात.
मग लाईटच गेली.
म्हणून केक किती वेळ भाजायचा
ते माझ्या वहीत नाही.

ब्राउन शुगर लक्ष्मीपुरीत मागितली
तर दुकानदार हसला,
"वैनी, गुळाच्या गावात ऱ्हाऊन?"
आणि ढेपेला सुरी लावली.

कुकीज घातल्या बारा, निघाली एक,
ट्रेच्या आकाराची.
केक मात्र फुगला. काचेतून फुगताना बघितला,
शेजारच्या शमशादला हाक मारून दाखवला.
ती यायला आणि तो बसायला.
पंचगंगेचं पाणी उतरतं तसा,
आवाज न करता.

साडेतीनला पहिली पाळी सुटून हे आले.
भुवयांत मोल्डची काळी वाळू.
चौदाशे डिग्रीपाशी उभा राहणारा माणूस
माझ्या एकशे ऐंशीपुढं वाकला,
नखानं केक ठोकला,
कान लावला.
"श्रिंकेज," म्हणाले.
"कड आधी धरली. पोट उपाशी ऱ्हायलं.
मधी राइझर कुठाय?"
कापून बघितला.
"हे ब्लो होल. ग्यास जाणार कुठनं?"
कुकी उचलली, उजेडात धरली.
"साचाच न्हाई, मग माल पळणारच की."

बावीस वर्षांत
आमटीत मीठ जास्त झालं का कमी
या माणसानं सांगितलेलं नाही.
जेवतात, हात धुतात, उठतात.
आज माझ्या वहीत,
मृणालिनीबाईंच्या अर्ध्या रेसिपीखाली,
पेन्सिलीनं आडवा केक काढला,
बाण मारले,
आच कुठनं येते, कुठं अडते.
चहा निवला तरी बाण चालूच.

"रिजेक्ट का मग?" मी विचारलं.
"आमच्यात वितळवून परत ओतत्यात,"
म्हणाले, आणि मधला ओला खड्डा
चमच्यानं खरवडून
दुधात कालवून खाल्ला.
कसा झालाय ते
तेव्हाही बोलले नाहीत.

सोमवारी जेवणाच्या डब्यातून,
भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेली,
पत्र्याची एक वीतभर नळी निघाली.
भांड्याच्या मधोमध उभी करायला.
दोन्ही कडा कानशीनं घासलेल्या,
बोटाला लागू नयेत अशा.