न मोजलेली हवा

कोइमतूरहून निघालेली गाडी
विट्यात पोचली तेव्हा
तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र जळत होतं.

"मिस्त्री कुठंयत?"
गलाईवाल्या सुबराव निकमांनी उतरता उतरता विचारलं.
"बाहेर गेलेत," मी म्हटलं.
महिना झाला, बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना
हेच सांगते.

"उद्या लेंगऱ्याचा माणूस येतोय गाडी बघाय.
तेवढा दिवा घालव, पोरी.
मशीन लावून पुसायचा असतोय न्हवं?"

स्टेअरिंगखाली हात घालून स्कॅनर जोडला.
पी झिरो वन सेव्हन वन.
हवा जास्त, पेट्रोल कमी.
कोड इथवरच बोलतो.
धाप लागलीय म्हणतो,
कशानं, ते आपण शोधायचं.

पण कोड पडला ती घटका
मशीननं जशीच्या तशी धरून ठेवली होती:
पाणी एक्क्याण्णव डिग्री,
फेरे आठशे दहा,
वेग शून्य.

"गाडी उभी होती," मी म्हटलं, "चालू ठेवून."
सुबराव स्क्रीनकडं बघत राहिले,
हातातली पाण्याची बाटली तशीच उघडी.
"धारवाडच्या अलीकडं. थोरल्याचा फोन आला.
दुकान सोडायचं ठरलं म्हणाला.
तीस वर्षं सोनं आटवलं तिथं.
बसून राहिलो मग. किती वेळ, काय म्हाईत.
बघितलं तर दिवा लागलेला."

मी काही बोलले नाही. बोनेट उघडलं.

उभ्या इंजिनात आकडा अधिक चोवीस,
रेस दिली की सहावर येतो.
म्हणजे पंप नाही, इंजेक्टर नाही.
सेन्सरच्या पलीकडं कुठंतरी फट आहे,
कुणी न मोजलेली हवा
आत शिरते आहे.

अब्बा अशा वेळी बिडीचा धूर सोडायचे.
मी उदबत्ती लावते,
पेट्रोलच्या पाइपांपासून हात राखून.
फातेहासाठी आणलेल्या पुड्यात
सात-आठ उरल्या होत्या.

धूर सरळ वर चालला होता.
मॅनिफोल्डच्या मागं, कोपरासारख्या वाकलेल्या
रबरी पाइपाशी आला
आणि एकदम मान मोडून आत गेला.

क्लॅम्पखाली चीर. नखाएवढी.
वरनं पाइप अगदी धडका.

कराड नाक्यावरनं नवा आणला, दोनशे वीस रुपये.
बसवला. आकडा चोवीसवरनं
उतरत उतरत तीनवर येऊन थांबला.
इंजिनाचा आवाज तोच,
फक्त त्यातली शीळ गेली.

"आता पूस."
"नाही पुसत."
"का गं?"
"पुसलं की गाडी कोरी होते, काका.
उद्या त्या माणसानं मशीन लावलं तर
एकूण एक तपासणी अपुरी दिसणार.
मला काहीच आठवत नाही असं गाडी म्हणायला लागली
की शहाणा माणूस ओळखतो.
त्यापेक्षा लेंगऱ्याला जाऊन या, भाळवणीला जावा,
रेणावीचा घाट चढून उतरा.
दर खेपेला बंद करून निवू द्या.
नीट तीन खेपा झाल्या की दिवा आपला आपण जातो.
त्याला पाइपाची पावती दाखवा."

"म्हंजे तिनं इसरलं?"
"नाही. आत नोंद राहते.
चाळीस वेळा तापून निवावं लागतं इंजिनाला,
मग जाते."

हसले. पैसे दिले, वर वीस रुपये चहाला.
"मिस्त्री आले की सांग, सुबराव येऊन गेला म्हणून.
पहिल्या गाडीचं इंजिन त्यांनीच बांधलं होतं माझं."

वेस्टच्या बोळ्यानं मी बोटं पुसत राहिले.
पुसून झाली होती, तरी पुसत राहिले.
गाडी रिव्हर्समध्ये रस्त्याला लागेपर्यंत.

मग पळत जाऊन काचेवर टकटक केलं.
"काका, अब्बा वारले.
परवा चाळिसावा आहे."

त्यांनी चावी मागं फिरवली.
इंजिन थांबलं.
बोनेटच्या फटीतून, दोघांच्या मधे,
बराच वेळ गरम हवा येत राहिली.