धर्माचा रकाना

विदेशी विद्यार्थ्यांच्या टेबलावर माझी अठरा वर्षं गेली.
येमेन, नायजेरिया, एकदा तर फिजीचा पटेल,
सगळ्यांचे फॉर्म मीच तपासते.
ती आली शिल्पकला शिकायला.
बेट सुलावेसी, गाव अम्पारिता,
नाव तेन्रीसोम्पा, आडनाव नाही.
धर्म : हिंदू.
मी म्हटलं, अरे वा, आमच्यातलीच की.
ती जरा थांबली.
म्हणाली, कागदावर.

मग मोडक्या हिंदीत,
रमणभाईने आणलेला चहा निवेपर्यंत :
आज्याच्या वेळी सरकारने यादी धाडली,
यातला एक घ्या, नाहीतर तुम्हाला धर्मच नाही.
गावातले वडीलधारे रात्रभर बसले
आणि त्यांनी हा घेतला,
भिजून आलेला पाहुणा
यजमानाचा सदरा घेतो तसा.
देऊळ नाही त्यांचं, मूर्ती नाही.
वर्षातून एकदा पूर्वजांच्या थडग्याशी
चटया अंथरून बसायचं,
डब्यांत भात, विड्याची पानं,
बोलणं फारसं नाही.

देवाला काय म्हणता?
देवता, ती म्हणाली. देवता सेउवाए. एकटा तो.
शब्द माझ्याच देवघरातला,
पण वाटेत कुठे समुद्र पिऊन आलेला.

आणि तुम्हाला लोक काय म्हणतात?
तोलोतांग.
तो म्हणजे माणसं, लोतांग म्हणजे दक्षिण.
पळून आलेल्यांना राजाने
बाजाराच्या दक्षिणेला जागा दिली, म्हणून.
मी इतकी हसले की शिक्क्याचं पॅड खाली पडलं.
अगं, रावपुऱ्यातली भाजीवाली
अजून मला 'दक्षिणी बेन' म्हणते!
खापरपणजोबा आले गायकवाडांच्या चाकरीला,
तेव्हापासून आम्ही इथेच,
दाळीत गूळ घालतो, 'चालशे' म्हणतो,
आणि दक्षिणेत माझं आज कुणीही नाही.
हसली नाही ती.
तिने माझा हात धरला.

दिवाळीच्या सुट्टीत तिने विचारलं,
शरयूबेन, मगरी कुठे भेटतात?
भेटतात, म्हणाली. दिसतात नव्हे.
तिच्या आजीबरोबर एक जुळं जन्मलं होतं,
ते पाण्यात गेलं.
आजी म्हातारी होऊन मेली. ते अजून आहे.
कुठल्याही नदीत असू शकतं, पाणी एकच असतं.

तर मी, आयुष्यात अंड्याला हात न लावलेली,
सलीमच्या आमलेटच्या लारीवर उभी.
एक कच्चं द्या.
काळ्या घोड्याजवळच्या पुलाखाली
वनखात्याची लाल पाटी : खायला घालू नये.
मी पाटीपुढे उभी राहिले, पदर पसरून,
एरवी सरकारी नोकर.
तिने केळीच्या पानावर चिकट भात ठेवला,
अंडं, दोन विडे,
आणि विश्वामित्रीच्या त्या घाण पाण्याला
घरच्या माणसाशी बोलावं तसं काही सांगितलं,
मध्येच रागावली सुद्धा.
मगर आली नाही.
पान प्लास्टिकच्या पिशवीला अडकलं,
सुटलं, आणि निघालं.
कुठल्या दिशेला, ते सांगायला नको.

तिची पदवी झाली. गेली.
नवा फॉर्म आता संगणकावर,
रकाना रिकामा सोडला तर पुढे जात नाही.
मी खूपदा सोडून बघते.

गेल्या पुरात पाणी आमच्या सोसायटीत शिरलं.
तिसऱ्या पायरीवर सकाळी मगर,
पाठीवर शेवाळ, एक डोळा मिटलेला.
पोरं मोबाईल घेऊन गच्चीत,
कुणी बचाववाल्यांना फोन लावतोय,
यांचा आवाज वरून : दार लाव, दार लाव!
लावते म्हटलं.
आणि दाराच्या फटीतून, कुणाला ऐकू जाऊ नये इतपत,
विचारलं तिला :
अम्पारिताच्या का तुम्ही?
जेवलात?