तक्त्यात तीन नाही

तक्त्यात गुण एक, दोन आणि चार.
तीन नाहीच. म्हणे, तीन ठेवला
की बहुतेक जण तिथेच जाऊन बसतात,
उन्हात सावली दिसल्यासारखे.

अ‍ॅटलासच्या दक्षिणेला, मोटरसायकलने दीड तास, पुढे पायी.
डोंगराच्या कडेने चर खणलेला,
पुरुषभर खोल, पाऊण कोस लांब,
एका वीतभर थरामागे.
चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ
बास्सू छिन्नीने उचकटतो.
दगड आवाजावरून ओळखतो:
भरलेला बद्द वाजतो,
रिकामा खणखणतो.

प्रातिनिधिकता: चार.
दुर्मिळता: चार. असे काटेरी ट्रायलोबाइट
मी तरी आणखी कुठे पाहिले नाहीत.
शास्त्रीय माहिती: नऊ निबंध, म्हणजे चारच.
त्यातल्या सहांत लिहिलंय,
नमुना बाजारातून घेतला, नेमकी जागा अज्ञात.
बास्सू हसतो. अज्ञात कुणाला?
चराच्या तिसऱ्या वळणाशी नेतो,
भिंतीवर तळहात टेकवतो:
इथून. रमजानच्या आधीचा आठवडा,
धाकट्या इद्दरला गोवर आलेला.
सहाशे दिऱ्हाम मिळाले.
'जागा' या रकान्यात मी लिहिते:
तिसरं वळण, तळापासून बास्सूच्या खांद्याइतकी उंच.

अखंडता.

इथे पेन्सिल अडते.
ज्या हातांनी ही जागा खाल्ली
त्याच हातांनी ती आम्हाला दाखवली.
एक लिहिते. खोडते. दोन लिहिते.
कागद विरायला लागतो.

"गुण जास्त पडले तर काय होतं?"
कुंपण.
"आणि कमी पडले तर?"
पलीकडे बराइटची खाण आहे. तिचा रस्ता.
तो उंचावरून ग्लासात चहा ओततो,
थेंब सांडत नाही.
"म्हणजे मी दोन्हीकडून…"
पुढचं बोलत नाही.

मी सांगू लागते, कोणत्या निकषाला किती वजन ते आधीच ठरलेलं असतं,
निर्णय माझ्या एकटीचा नसतो, समिती असते.
यातला शब्द न् शब्द खरा आहे
आणि छान खणखणतो.

वारा सुटतो. तक्ता उडू नये म्हणून
तो हाताला लागला तो तुकडा वर ठेवतो:
शेपूट, अर्धी पाठ, डोकं नाही.
"हा घेऊन जा," म्हणतो.
"याला गिऱ्हाईक नाही.
डोळे असलेले सगळे
केव्हाच विमानात बसले."