पावकी-निमकी

अपडेट उतरलं रात्री साडेअकराला.
हडर्सफील्डमध्ये लॉकवुडच्या पुलावरून
शेवटची गाडी गेलेली, खिडकीवर वाफ,
आणि मी अजून बसडेपोच्या जाकिटातच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी:
आमचं संगीत आडवं वाहत नाही.
वरून खाली उतरतं, पाटीवरच्या पाढ्यासारखं,
एकाखाली एक चौसष्ट ओळी.
नऊनंतर इथे दहा येत नाही, ए येतो,
मग बी, सी, डी, ई, एफ,
मग कुठे दहा. म्हणजे सोळा.
सोळा आण्यांचा रुपया मोडलेल्या माझ्या बापाला
हे फोनवर दोन मिनिटांत कळलं होतं.
"मग यात नवीन काय?" म्हणाला.

नवीन काय, तेच वाचतोय.
चूक मागे घेता येते म्हणे, हवी तितकी पावलं.
त्र्याण्णव साली चुकलं की चुकलं,
फ्लॉपी दात खायची
आणि चुकीचीच चाल व्हायची.
माझ्या बऱ्या चालींपैकी निम्म्या तशाच झाल्यात.
ही सोय मी बंद करून ठेवली.

पण हे बघा, आता ओळीच्या पोटातही जागा आहे.
सूर ठोक्यावर नको, तर जरा मागे सरकवा:
पाव म्हणजे चाळीस, अर्धा म्हणजे ऐंशी,
पाऊण म्हणजे सी आणि शून्य.
एक पाव पाव, दोन पाव अर्धा.
शाळेने कधीच मोडीत काढलेली पावकी
बापाने दिवेलागणीला घोकून घेतली होती.
इचलकरंजीत तिचा उपयोग झाला नाही.
यॉर्कशरमध्ये झाला.

ग्लेनरॉय पिनॉक म्हणायचा,
तुझा ठोका प्रार्थनेला उभ्या पोरांसारखा आहे,
माणूस असा चालतो का कधी?
तो कपाटाएवढे स्पीकर बांधायचा, प्लायवूडचे,
अंगाला कायम भुशाचा वास.
माझ्या स्वयंपाकघरात आम्ही खलबत्ता वाजवून घेतला,
एका मायक्रोफोनवर, आठ बिटांत,
आणि टेपच्या अगदी शेवटी तो खोकला.
"काढून टाक," म्हणाला.
मी काढलं नाही. नुसतं झाकलं.
दर वेळी तो आवाज खोकल्याच्या आधीच तोडायचो.
म्हणजे तीस वर्षं, माझ्या प्रत्येक चालीच्या तळाशी,
न वाजता, तो आहे.

आमचं पुढे बिनसलं.
कारण विचाराल तर ऐंशी पौंडांचा अ‍ॅम्प्लिफायर,
आणि खरं विचाराल तर त्याहून स्वस्त काहीतरी.

नवी आवृत्ती आवाजाचे तुकडे स्वतःच पाडते.
जिथे आवाज उठतो तिथे एक रेघ.
खलबत्त्याचे आठ ठोके, आठ रेघा,
आणि मग, मी न विचारता, नववी.
बारीक. आमच्याकडे पुरुषमाणूस
उंबऱ्याशी येऊन खाकरतो ना,
आतल्यांना कळावं म्हणून,
तेवढीच.

पुसता आली असती.
मी ती शेवटून विसाव्या ओळीवर ठेवली,
अर्ध्याने मागे.
आणि आणखी एक नवी सोय आहे,
सूर वाजायचा की नाही हे त्याच्यावरच सोडता येतं,
आपण फक्त शक्यता लिहायची.
मी लिहिली रुपयात चार आणे.

पहिल्या फेरीत आला नाही.
दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात
मी श्वास धरून स्क्रीनकडे बघत बसलो,
ओळ आली, गेली.
नसेल यायचं, म्हटलं,
इतकी वर्षं कुठे आला होता.
साडेपाचची पहिली बस काढायची होती, झोप तर उडालेली,
उठलो, चहाचं आधण ठेवलं,
आलं किसत होतो.

आतल्या खोलीत कुणीतरी खाकरलं.

आणि मी, किसणी हातात,
चक्क मराठीत म्हणालो,
"ये, दार उघडंच आहे."