इंग्लिश फास्ट ४

नाव तेवढंच होतं कॅसेटवर,
निळ्या बॉलपेनानं, दुकानदाराच्या हातचं.
साठ मिनिटांची टेप, भरून घ्यायला पंचवीस रुपये.
यादगिरी अन्नाचा टॉवेलच्या मागावरचा हप्ता
त्या शनिवारी अम्माच्या हातात पडला
तो पंचवीस रुपयांनी हलका.

कोण गातोय, कुठल्या गावचा, कुणाला शिव्या देतोय,
काही माहीत नव्हतं.
गातसुद्धा नव्हता तो. बोलत होता.
भाजीवालीशी घासाघीस करावी तसा, पण हिशेबात,
एक शब्द ठोक्याच्या पुढं नाही, एक मागं नाही.
अन्ना म्हणाला, ह्याच्या हातात माग दिला ना,
धागा तुटणार नाही बे.

भद्रावती पेठेतली खोली.
एका भिंतीला पलंग, दुसरीला तेंदूपानांचं ओलं पोतं,
मधे आम्ही दोघी, मांडीवर सूप.
मी सातवीत. पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कातरायचे,
तो बोलत सुटायचा
आणि कात्री त्याच्या मागं धावायची.
अम्मा म्हणायची, ह्याला दम लागत नाही का गं?
पण बंद कर म्हणाली नाही कधी.
टेपच्या एका बाजूत ऐंशी विड्या होतात,
नुसत्या गप्पांत साठ,
हे तिनंच मोजलं होतं.

शब्द कळत नव्हते, म्हणून आमचे घातले.
एका जागी तो ‘कन्ना चौक, कन्ना चौक’ म्हणायचा,
मी शपथेवर सांगायचे.
एका जागी कारखान्याच्या चेकरला,
जो शंभरातल्या वीस विड्या छाट म्हणून चुरडायचा,
तोंडावर विचारायचा, का बे?
हे मात्र वर्गात कुणी मानलं नाही.

आणि तिसरं गाणं.
उन्हाळा, पाणी पाचव्या दिवशी,
रात्री कधी येईल नेम नाही.
अन्ना अंधारात बटण दाबायला गेला
आणि दाबलं लाल.

सकाळी कळलं.
तो ऐन भरात येतो, श्वास घेतो,
आणि अम्मा: नीळ्ळु वच्चिनय, लेवुंड्रि!
मग घागरी, नळाचं फुसफुसणं,
शेजारच्या नर्सम्माच्या बांगड्या,
माझं ‘आधी माझा हंडा’,
आणि परत तो, मधल्याच कुठल्या ओळीवरून,
जणू पाणी भरून आला.

अन्ना दोन दिवस कुणाशी बोलला नाही.
नंतर आम्ही गाणं लावायचो
ते त्या जागेसाठीच.

टेप गुंतली, पेन्सिलीनं गुंडाळली, परत गुंतली.
अन्ना भिवंडीला गेला.
अम्माच्या बोटांना पान धरवेना झालं, मग पेला,
मग काहीच.

परवा पतसंस्थेतल्या शिपायाच्या मोबाईलवर
कुणीतरी श्वास घेतला
आणि मी पासबुकावरून मान वर केली.

बारा गाणी आहेत. नाव आहे, साल आहे,
शब्दसुद्धा आहेत वाचायला.
कन्ना चौक नाही कुठं. चेकर नाही.
भाड्याची खोली आहे, आईची रात्रपाळी आहे.
म्हणजे फार चुकलो नव्हतो.

घरी येऊन तिसरं लावलं.
तो भरात आला, श्वास घेतला,
मी उठले.
घागर नव्हती हातात, तरी उठले.
तो बोलतच राहिला,
सरळ, स्वच्छ, शेवटपर्यंत.

रात्री अन्नाला पाठवलं.
त्याची पाळी अकराला सुटते.
साडेअकराला दोन निळ्या खुणा,
मग बराच वेळ नुसतंच ‘टाइप करत आहे’,
मग तेही थांबलं,
मग परत.
बाराच्या पुढं आलं:

डुप्लिकेट दिलंय गं तुला.
तिसऱ्यात पाणीच येत नाही.