रकाना क्रमांक अकरा

लुकिया काहालेवाई आत येते तेव्हा
ऑफिसातला पंखा बंद आहे
आणि शिक्के मारून मारून सुजलेलं मनगट
मी सोड्याच्या गार बाटलीला टेकवून बसलोय.
ती आधी मनगटाकडे बघते,
मग भिंतीवरच्या राज्यमुद्रेकडे,
मग माझ्याकडे. याच क्रमाने.

नवा कायदा झालाय, मी सांगतो,
आता तुम्हाला कोणी धरून नेणार नाही.
फक्त हा अर्ज. चार पानं.
मग तुमच्याच ज्येष्ठांचं मंडळ बसेल,
विचारेल, बघेल, सही देईल,
आणि या हातांना नाव मिळेल.

"नाव होतंच," ती म्हणते.
"वैदू म्हणायचे, चेटकीण म्हणायचे, मावशी म्हणायचे,
नाव कधी कमी पडलं नाही.
दार कमी पडलं.
मागच्या दारानेच यायचे सगळे.
डॉक्टरसुद्धा, पाठ धरली की."

मी पेनाचं टोपण काढतो.
प्रशिक्षणाचा कालावधी, तासांत.
ती बोटांवर मोजू लागते:
ओहोटीला खडकांतलं मीठ खरवडणं,
अंधारात मुळ्या वासावरून ओळखणं,
पाच वर्षं नुसती टोपली धरून मागे चालणं
आणि तोंडातून प्रश्न न काढणं.
"गप्प राहिलेले तास धरायचे का?"
मी लिहितो, लागू नाही.
मग ते खोडतो.

प्राप्त गुण, शेकडा.
"गुण?" ती पहिल्यांदाच हसते,
तिच्या खालच्या दोन दातांमध्ये फट आहे.
"गुण येतो रे. मिळत नाही.
कधी तिसऱ्या दिवशी येतो,
कधी मयताच्या दिवसापर्यंत येत नाही.
आणि आला, तर ज्याला आला त्याचा."

रकाना क्रमांक अकरा.
गुरूचं नाव. परवाना क्रमांक.

पिशवीतून बिस्किटांचा डबा,
डब्यातून मेणकापड,
मेणकापडातून एक पावती, घड्यांवर फाटलेली.
सन एकोणीसशे एकेचाळीस.
मोसेस पाहिया, राहणार हालावा खोरं,
परवान्याविना उपचार केल्याबद्दल दोषी.
रोगी एक, मुलगी, वय नऊ, दमा.
जप्त: पाल्याची जुडी, वाटायचा दगड.
दंड पन्नास डॉलर, भरून पावला.

"दगड परत दिला नाही त्यांनी," ती म्हणते,
जणू हे खातं माझ्याच टेबलावर येतं.
आणि ती मुलगी?
"माझी बहीण. रविवारी चर्चमध्ये
सगळ्यात मोठ्या आवाजात गाते. बेसूर."

मी पावती उजेडात धरतो.
मुद्रा जवळजवळ हीच, माझ्या डोक्यावर टांगलेली.
त्या माणसाबद्दल सरकारने लिहिलेला
हा एकुलता एक कागद,
आणि त्यात स्वच्छ टाइप केलंय
की त्याने उपचार केले.
अकराव्या रकान्यात मी पावतीचा नंबर टाकतो.
कोणी विचारलंच तर बघू.

शेवटी वनस्पतींची यादी.
ती पेन खाली ठेवते.
"त्यांना विचारल्याशिवाय कशी देऊ?"
आणि उठून सरळ बाहेर जाते.

खिडकीतून दिसतं:
पार्किंगच्या डांबराला जिथे तडा गेलाय
तिथे पोपोलोचं झुडूप, काळी फळं लगडलेलं,
मी रोज त्यावर गाडीचं दार आपटतो.
लुकिया वाकते. काहीतरी बोलते. थांबते.
इतकी थांबते की मागे आलेला मासेवाल्याचा ट्रक
इंजिन बंद करून
टोपी काढून बसतो.

परत येते तेव्हा तिच्या मुठीत चार पानं आहेत.
ती ती चावते, मीठ घालते,
मनगटावर लावून अंगठ्याने असं दाबते
की मला माझ्या बापाचं नाव आठवतं,
जे मी विसरलोच नव्हतो.

फी किती, मी विचारतो.
"माझी नाही. तुमची पंचवीस."
आणि ती सुट्या नोटा मोजू लागते, एकेक, थुंकी लावून.

यादीचा रकाना कोरा ठेवून
मी अर्ज पुढे पाठवला.
शिक्का डाव्या हाताने मारला.
जरा तिरका बसलाय.